दीड वर्षाच्या शिक्षेचा वारस

मी, श्रीमती श्यामला यशवंत साळोखे, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा खानावळ (गेल्या पाडव्यापासून बंद), राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, माझ्या मर्जीने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते की, माझ्या मागे माझ्या मिळकतीची व्यवस्था खाली सांगितल्याप्रमाणे व्हावी. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. अनुजा कदम यांनी दिला आहे. मूत्रपिंडं ठिकाणावर नसल्याचंही त्यांनीच सांगितलं, म्हणून ही घाई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. धमक्या पुष्कळ दिल्या आहेत, त्या रद्द समजाव्यात.

१. राहतं घर मी खानावळीच्या कमाईतून घेतलेलं आहे. ते मुलगा मोहित व मुलगी पूर्णिमा यांना निम्मं निम्मं. मोहित पुण्याला नोकरी करतो आणि रोज फोनवर "आई, जेवलीस का?" विचारतो. अख्ख्या पेठेला जेवू घातलेल्या बाईला हे विचारायचं म्हणजे कमालच, पण पोरगा मायेनं विचारतो. पूर्णिमा सांगलीला शिक्षिका आहे. दोघांना भांडायचंच झालं तर समोरासमोर भांडावं, कोर्टात जाऊ नये. ते मी करून पाहिलं आहे.

२. खानावळीची सगळी भांडी, शेगड्या आणि परात सलिमा नदाफ हिला. तिनं माझ्या शेजारी बसून जन्मभर भाकऱ्या थापल्या. माझ्या चटणीचं प्रमाण तिच्या हाताला ठाऊक आहे. ते कुठं लिहिलेलं नाही, माळ्यावर शोधत बसू नये.

३. दागिने पूर्णिमाला. बँकेत आहे ते आधी माझ्या दवाखान्याला लावावं, उरलंसुरलं दोघांनी घ्यावं.

४. आता मुख्य गोष्ट. माझ्या नावावर एक शिक्षाही आहे, आणि तिचीही व्यवस्था लावणं भाग आहे.

हकिकत अशी. २०२२ च्या एप्रिलात मी माझा धाकटा भाऊ पृथ्वीराज गणपतराव इंगवले, राहणार मुरगूड, याला वर्षाची मसाल्याची चटणी कुटून आणायला लालासाब मुल्ला यांच्या मिरची कांडायच्या डंकावर पाठवलं. ती बिघडली की वर्षाचा रस्सा बिघडला. आपली मिरची कुटून हातात येईपर्यंत डंकावरून हलायचं नसतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. हा चहाला गेला. तिथं गावाकडचं कोण पावणं भेटलं, गप्पा रंगल्या, आणि परत येऊन यानं समोर दिसला तो डबा उचलला.

मी चपात्या लाटत होते. बोटावर घेऊन चाखली आणि म्हटलं, "ही माझी न्हवं." पंगत बसली होती. सगळ्या पंगतीदेखत हा म्हणतो, "आक्का, चटणी ती चटणी. तिकाट लागली की झालं की!"

लाटणं हातातच होतं.

टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? यानं खरं सांगितलं. पोलीस आले, यानं रागाच्या भरात सही केली आणि माझा भाऊ माझा फिर्यादी झाला. आठ दिवसांनी स्वतःच आला. "मिटवूया आक्का." मी म्हटलं, "आधी चटणी चुकली म्हण." तो म्हणाला, "आधी लाटणं चुकलं म्हण तू." आम्ही इंगवले. दोघांनीही म्हटलं नाही, आणि खटला उभा राहिला.

खालच्या कोर्टानं मला साध्या दुखापतीबद्दल दोषी धरलं. त्या कलमाला कायद्यानं जास्तीत जास्त एक वर्ष आहे. मला दिलं दीड वर्ष. शिक्षेआधी काही सांगायचं आहे का, असं विचारलं तेव्हा मी "साहेब, परत तसं बोलला तर परत हाणीन" म्हटलं होतं. वरचे सहा महिने त्याचे असावेत असा माझा अंदाज आहे.

मारलं ते मारलं, नाकारलेलं नाही. एक वर्ष दिलं असतं तर मुकाट्यानं कळंब्याच्या जेलमध्ये गेले असते, तिथल्या आमटीचंही भलं झालं असतं. पण मी जन्मात कुणाच्या ताटात कमी वाढलं नाही. कायद्यात नाही एवढी शिक्षा माझ्या ताटात का? तुरुंगाला मी भीत नाही, पण असला बेकायदा हुकूम नावामागं ठेवून जायचं म्हटलं की जीव तुटतो. म्हणून सेशन कोर्टात अपील केलं. शिक्षेला स्थगिती आहे, मी जामिनावर आहे, आणि तारखा चालू आहेत.

अपील ॲड. मुबशिरा बागवान चालवते. माझ्याच खानावळीत जेवून वकील झालेली पोरगी. तिनं सांगितलं, "काकू, तुम्ही गेलात की अपीलही संपतं. फक्त जवळच्या नातलगानं तीस दिवसांत अर्ज केला तर कोर्ट ते पुढं चालवायची परवानगी देऊ शकतं."

मोहितला विचारलं. म्हणाला, "आई, तू नसल्यावर ती शिक्षा भोगणार कोण? सोड ना." पूर्णिमा तर कोर्टाची पायरी बघूनच रडते. कायद्यानं जवळच्या नातलगांत भाऊही बसतो. म्हणून माझं अपील पुढं चालवण्याचं काम मी पृथ्वीराजवर सोपवते. होय, ज्याला मारलं त्याच्यावरच. पुन्हा वाचू नये, बरोबर वाचलं आहे.

कारण सांगते. अपिलाच्या तारखेला फिर्यादीनं यायची गरज नसते. हा दर तारखेला मुरगूडहून एस.टी.नं येतो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. मागच्या तारखेला मला चक्कर आली, तेव्हा यानं केळी बाकावरून सरकवली आणि छताकडं बघत बसला. मी खाल्ली. आभार मानले नाहीत, ते इथं मानते.

५. माझं लाटणं मुद्देमाल म्हणून कोर्टात जमा आहे. निकालानंतर ते मागून घ्यावं. ते पृथ्वीराजला. त्याच्याइतकी त्याची ओळख दुसऱ्या कुणाला नाही.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुबशिरानं करावी.

७. पृथ्वीराज, हे तुझ्यासाठी. तेराव्याच्या जेवणात आणि रडारडीत दिवस घालवू नकोस, तीस दिवस कोर्ट मोजतं. चटणी चुकली होती, हे मी मेल्यावरही कायम आहे. पण चार भाऊबिजा तुला ओवाळलं नाही, त्याची हळहळ माझ्या जिवाला लागून राहिली आहे, आणि आता पाचवी मिळेलसं वाटत नाही. अर्ज घेऊन उभा राहिलास की कोर्ट विचारेल, तुम्ही मयताचे कोण? इतकी वर्षं त्या कागदांत तू फिर्यादी आहेस. तसं सांगू नकोस. मोठ्यानं सांग, भाऊ.

वाचून घेतलं, समजलं, आणि माझ्याच हातानं सही करते.

श्यामला यशवंत साळोखे
कोल्हापूर, दिनांक ११ नोव्हेंबर २०२५

श्यामलाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. लालासाब मुल्ला, डंकमालक, कोल्हापूर
२. डॉ. अनुजा कदम, कोल्हापूर