तीन दारांच्या खोलीतून

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, इथं आडवं व्हायला जागा नाही). गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला, की त्यांनी तुला सांगणंच थांबवलं? मी ठणठणीत आहे, फक्त बसवत नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. म्हणून अक्षर असं आलंय, त्याचे मार्क कापू नकोस.

परवा तू मला झाडलंस, की सारखं सोपं देणं म्हणजे पोरांचा अपमान करणं. ते लागलं मला. माझा वर्ग तुला ठाऊक आहे. फळ्यावरचं उतरवायचं आणि घंटेची वाट बघायची, एवढ्यावर खूश. मागच्या बाकावरची जांभई (हे तिचं वर्गातलं नाव, तिनं ते कमावलंय) तर उतरवतही नाही. म्हणून तू सांगितलेलं कोडं घातलं: मैदानातून निघायचं, तळमजल्याच्या प्रत्येक दारातून एकदाच जायचं आणि परत मैदानात यायचं. पोरांनी तेही नुसतं वहीत उतरवून घेतलं. तेव्हा माझी जीभ सैल सुटली. म्हटलं, मीच चालून दाखवतो. जमलं तर वर्षभर मी देईन ते अवघड काम तुम्ही निमूट करायचं, आणि मी एकदा वापरलेलं दार पुन्हा उघडलं तर वर्षभर नुसतं उतरवणं. पोरांचे डोळे त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण उघडलेले पाहिले.

मग निघाली आमची वरात. मी पुढं, वर्ग मागं, वापरलेल्या प्रत्येक दारावर खडूची फुली. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत एका दारानं शिरलो, दुसऱ्यानं बाहेर पडलो (बाई फोनवर होत्या, बोलायच्या थांबल्या त्या थांबल्याच). पुढं प्रयोगशाळा, तिला तीन दारं. आत गेलो, बाहेर आलो, उरलेल्या दारातून मोठ्या तोऱ्यात पुन्हा आत शिरलो, आणि तिथंच घोडं अडलं. तिन्ही दारांवर फुल्या. आता बाहेर पडलो तर पैज जाते, आणि पैजेबरोबर ही पोरं कायमची हातची जातात. मला भीती आहे ती त्याची. शाळा केव्हाच सुटली. एरवी घंटेआधी दप्तर भरणारा हा वर्ग दाराशी पहारा देत बसलाय.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
सध्या कोंडलेला धाकटा

ता. क. खरं काम असं, की पत्र आणणाऱ्या पोरीजवळच त्या कोड्याचं उत्तर दे. पाकीट नीट चिकटव. त्यांना वाटतंय मला ते येतं.

ता. क. २. थांब, देऊ नकोस. जांभई आत्ता खिडकीशी आली. म्हणाली, "सर, हे कुणालाच जमणार नाही. तीन दारांच्या खोलीत बाहेरून आलेला माणूस शेवटी आतच राहतो. पाच दारं केली तरी तेच." मातीत काढून दाखवलं तिनं. मी खिडकीतून वाकून दोनदा ताडून पाहिलं. म्हटलं, मी हरलो, उद्यापासून उतरवा. तर सगळा वर्ग माझ्यावरच उखडला, की तुम्ही दार कुठं उघडलंय, आणि खिडकी म्हणजे काही दार नव्हे. जोतं उंच आहे, म्हणून आता मला उतरवायला खाली बाकावर बाक चढवताहेत. एक बाक मुख्याध्यापिकाबाईंनी धरलाय. उद्या पोरांना दोन मजल्यांचं कोडं हवंय, जिन्यासकट. तेवढं पाठव.

या वेळी उत्तरही पाठव.