तिसऱ्या नळीचा रंग

वेसावे कोळीवाडा,
अंधेरी (पश्चिम), मुंबई.
दिनांक : १८ ऑगस्ट १९८६, सोमवार

प्रति,
मा. यांत्रिकी अधिकारी साहेब,
मच्छीमार नौका इंजिन तपासणी कार्यालय,
अंधेरी (पश्चिम), मुंबई.

अर्जदार : सौ. कमळ लहू टपके

विषय : यांत्रिक नौका 'सोनसागर' हिचे इंजिन जेटीला बांधून, भार देऊन पुन्हा तपासणे व दोष दिसल्यास सील उघडण्याची परवानगी मिळणे, दोन्ही आजच्या आज.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा जुलै महिन्यातील तपासणी दाखला, शेरा 'इंजिन ठीक'.
२) शनिवारी माझ्या नवऱ्याला खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. 'सोनसागर' ही नौका माझे सासरे श्री. भिकाजी टपके यांच्या मालकीची असून माझा नवरा लहू तिच्यावर इंजिन ड्रायव्हर आहे. उद्या नारळी पौर्णिमा, म्हणजे आपले कार्यालय बंद. परवा भरतीबरोबर नौका मोसमाच्या पहिल्या फेरीला निघणार. सासरे आणि लहू धरून सहा माणसे जाणार. तेव्हा कामाचा दिवस म्हणाल तर माझ्यापाशी आजचा एकच आहे, आणि त्यातही दुपारची भरती आहे तोवरच होडीखाली पाणी आहे. पाणी ओसरले की होडी चिखलात बसते आणि मग साहेबांनी मनात आणले तरी काही करता येणार नाही.

अर्ज लांबला आहे, त्याची माफी असावी. हा एका बैठकीत लिहिलेला नाही. माझी मुलगी कुंदा आठ महिन्यांची आहे. ती झोपली की चार ओळी, उठली की थांबायचे, असा काल दिवसभर लिहिला. अक्षर मधेच बदललेले दिसेल, पण हात माझाच आहे.

२. इंजिन चार सिलिंडरचे आहे. प्रत्येक सिलिंडरचा जळका धूर आपापल्या नळीतून बाहेर पडतो आणि चारही नळ्या पुढे एका मोठ्या पाइपाला मिळतात. चौघांनी सारखे काम केले तर चारही नळ्या जवळपास सारख्याच तापतात. एखादी एकटीच जास्त तापू लागली तर समजावे की त्या सिलिंडरात काहीतरी बिनसले आहे. हे मला लहूने सांगितले, आणि लहूला आपल्याच कार्यालयाच्या प्रशिक्षण वर्गात सीताराम सरांनी शिकवले. सर सांगत की नुसता आकडा वाचू नका, तो शेजारच्या आकड्याशी ताडून बघा, आणि तोही इंजिन ओझे ओढत असताना. लहू जेवायला बसला की हेच बोलतो. दुसऱ्या बायकांचे नवरे जेवताना काय बोलतात मला ठाऊक नाही, मला ते आवडते.

वर्ग संपल्यावर लहूने दारूखान्याला, जहाजे तोडतात तिथे, मोडीत निघालेल्या एका जहाजाचे चार तापमापक शोधून आणले आणि चार नळ्यांवर बसवले. गेल्या मोसमाच्या शेवटी जाळे ओढताना तिसरी नळी इतर तिघींपेक्षा पन्नासेक अंशांनी वर जाऊ लागली. नळीचा रंगही तापून निळसर तपकिरी झाला. सासऱ्यांच्या कानावर घातले. मोसम संपतच आला होता, म्हणून पावसाळ्यात होडी किनाऱ्याला लागली की बघू, असे ठरले.

३. पावसाळ्यात घडले ते असे. नारळी पौर्णिमेच्या आधी आमच्यात होडी रंगवतात हे साहेबांना ठाऊक असेलच. माझे सासरे होडीबरोबर इंजिनही रंगवतात. तपासायला साहेब येणार तेव्हा इंजिन कसे नवरीसारखे दिसले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. चारही नळ्यांना त्यांनी स्वतः चांदीचा रंग दिला. तिसरीवरचा डाग त्याखाली गेला.

मग आपले तपासनीस श्री. नंदकिशोर साहेब आले. त्यांनी सांगितले की तापमापक मंजूर साहित्याच्या यादीत नाहीत आणि यादीबाहेरची जोडणी असेल तर दाखला देता येत नाही. ते काढून भोकांत बोल्ट बसवावे लागले. नंदकिशोर साहेबांबद्दल माझी तक्रार नाही. चारही तापमापक त्यांनी जपून लहूच्या हातात दिले आणि म्हणाले की ज्या दिवशी यादीत येतील त्या दिवशी मीच येऊन लावीन. त्यानंतर होडी जागच्या जागी उभी असताना इंजिन चालवून पाहिले. नुसते चालवले की चारही नळ्या सारख्याच असतात, आवाजही गोड येतो. दाखला मिळाला, इंजिनाला सील लागले. सासऱ्यांनी पेढे वाटले.

यात लबाडी कोणी केली नाही, साहेब. तापमापक नियमाने निघाले, डाग सणाने झाकला, आणि ओझे तर नव्हतेच. ज्या तीन गोष्टींवरून दुखणे कळले असते त्या तिन्ही चांगल्या माणसांच्या हातून गेल्या.

४. शुक्रवारी, पंधरा ऑगस्टला, शेजारचे धोंडिराम यांची होडी खाडीच्या तोंडाशी रेतीत रुतली. ती ओढायला 'सोनसागर' गेली. मी डबा घेऊन गेले होते, तर लहू म्हणाला चल, कुंदालाही दाखवू. मी इंजिनाच्या झाकणाशी बसले होते. दोर ताणला, इंजिनाचा आवाज जड झाला, आणि थोड्या वेळाने रंग करपल्याचा वास येऊ लागला. माझ्यासमोर तिसऱ्या नळीची चांदी पिवळी पडली, मग तपकिरी झाली, मग तिला दुधाच्या सायीसारखे फोड आले. बाकीच्या तिघी जराशा मळकट झाल्या, एवढेच. मी लहूला हाक मारली. त्याने पाहिले आणि इंजिन कमी केले. धोंडिराम यांची होडी तोवर सुटली होती.

सासऱ्यांना बोलावून दाखवले. ते म्हणाले, "नवा रंग हाय. पयल्यांदा तापला का जळतोच."

लहू म्हणाला, "मंग बाकीच्या तिघींचा का नाय जळला, बाबा? डबा एकच, हात तुमचाच."

संध्याकाळी सासरे गुपचूप जाऊन त्या एका नळीवर पुन्हा रंग मारून आले. पूजेला देवीसमोर एक नळी कळकट कशी ठेवायची, असे सासूबाईंना म्हणाले. त्याआधी करपलेल्या रंगाचा एक पापुद्रा मी काढून ठेवला होता. तो जोडला आहे.

५. शनिवारी लहू आपल्या कार्यालयात आला. खिडकीवर श्री. चंद्रप्रकाश होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अहो, दाखला ठीक म्हणतो. ठीक इंजिनाचे सील उघडायला परवानगी कुठल्या नियमाखाली देऊ?" लहू म्हणाला, मग पुन्हा तपासा. त्यांचे उत्तर असे की पुन्हा तपासायचे तर आधी दोषाचा अहवाल हवा. अहवालात तापमानाचा आकडा हवा. आकडा तापमापकाचा हवा. आणि तापमापक यादीतला हवा, जो यादीत नाही. रंग जळाला हे चालणार नाही, कारण रंग हे मोजण्याचे साधन नाही. शिवाय आता तो जळलेलाही नाही, कारण सासऱ्यांनी वरून नवा मारला आहे.

परवानगीवाचून सील तोडले तर दाखला रद्द आणि डिझेलचा कोटा बंद. अर्ज करायचा तर मालकाने करावा, असेही सांगण्यात आले. सासरे सही देत नाहीत. म्हणाले, हातात आलेल्या दाखल्यावर मी माझ्या हाताने पाणी सोडू काय? मी त्यांनाही दोष देत नाही. दोन अडीच महिने होडी किनाऱ्याला आहे, सहा घरे तिच्याकडे डोळे लावून बसली आहेत, आणि ज्यांनी सारा जन्म इंजिनाचा आवाज ऐकून होडी हाकली त्यांना रंगाच्या फोडावर थांबायला सांगणे सोपे नाही.

लहूने घरी येऊन कुंदाला मांडीवर घेतले. मी विचारले, आता काय. म्हणाला, "दाखला हाय ना गं. मंग जायाचं. मी तिसरीवर हात ठेवून बसंन." मला हसवण्यासाठी म्हणाला. त्याच्या उजव्या तळव्यावर जुनी भाजल्याची खूण आहे, तो हात तो कुंदाच्या गालाला कधी लावत नाही, खरखरीत लागतो म्हणून. हे अर्जात लिहायचे नसते हे मला कळते. तरी लिहिले आहे.

६. साहेबांचा वेळ घेते, पण एक गोष्ट सांगणे जरूर आहे. जून महिन्यात कुंदाची छाती भरली असे मला वाटत होते. दवाखान्यात नेले तेव्हा ती खांद्यावर गाढ झोपलेली. डॉक्टरांनी नळी लावून पाहिले, सगळे ठीक. मी उठेना. तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "हिला इथेच पाजा, मी बघतो." ती दूध ओढू लागली आणि तिची धाप त्यांना दिसली. औषध दिले, बरी झाली. त्यांनी पहिल्यांदा तपासले तेही बरोबरच होते. पण झोपलेल्या लेकराची धाप कशी दिसणार? ओढताना दिसते.

इंजिनाचेही माझे एवढेच मागणे आहे. ते ओढत असताना एकदा बघा.

७. दोष काय असेल हे मी सांगू शकत नाही. लहू म्हणतो, एकतर तिसऱ्याचे डिझेल फवारणारे नोझल पाझरत असेल, किंवा धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल. नोझल असेल तर बदलायला फार वेळ लागत नाही. व्हॉल्व्ह असेल तर तो जळत जातो, आणि त्याचा तुकडा आत पडला तर इंजिन जागीच थांबते. नारळ वाहिला म्हणून दर्या लगेच शांत होत नाही. या दिवसांत इंजिन गेलेली होडी कुठल्या खडकावर जाईल याचा नेम नसतो. दुसरे असे की तो मोठा पाइप केबिनच्या फळ्यांखालून जातो आणि शेजारीच कोरडी जाळी असतात. ह्याच्या पुढचे लिहायला घेतले तेव्हा माझ्या सासूबाई सरूबाई पाठीशी उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण माझा हात थांबलेला त्यांना कळला. म्हणाल्या, "अभद्र लिवू नको गं, कमळ." म्हणून पुढची ओळ कोरी सोडली आहे. साहेबांनी ती मनात वाचावी.

 

८. तरी नम्र विनंती की :

(अ) आज दुपारच्या भरतीला आपण स्वतः यावे किंवा नंदकिशोर साहेबांना पाठवावे. होडी दोराने जेटीला पक्की बांधून इंजिन पुढे चालवावे. होडी जाणार कुठेच नाही, पण इंजिनाला ओझे बसेल. सीताराम सर वर्गात असेच करून दाखवत.

(आ) चार बोल्ट काढून तेवढ्या वेळेपुरते चार तापमापक लावू द्यावेत. त्या बोल्टांना सील नाही. आकडे आपल्या माणसाने आपल्या डोळ्यांनी वाचावेत, म्हणजे ते लहूचे राहणार नाहीत, कार्यालयाचे होतील. तापमापकांवर विश्वास नसेल तर पहिलीच्या आणि तिसरीच्या तापमापकांची अदलाबदल करून पुन्हा बघावे. चढा आकडा तापमापकाबरोबर पहिलीवर गेला तर तापमापक खोटा, तिसरीवरच राहिला तर नळी खरी.

(इ) तिसरी वर गेली तर सील उघडण्याची लेखी परवानगी जागेवरच द्यावी, आणि दुरुस्ती होईतो दाखला रद्द न करता नुसता थांबवून ठेवावा. सासऱ्यांची भीती तेवढीच आहे.

(ई) चारही सारख्या निघाल्या तर मी खोटी पडले. मग कार्यालयाचा वेळ घेतल्याबद्दल जे काही असेल ते माझ्या नावावर लिहावे, लहूच्या नको. सासऱ्यांची क्षमा मी सगळ्यांसमोर मागेन आणि परवा होडीला ओवाळून त्यांना निरोप देईन.

९. श्री. चंद्रप्रकाश यांनी लहूला असे सांगितले होते की मालकाखेरीज दुसऱ्या कोणाचा अर्ज आला तर अर्जदाराचा नौकेशी काय संबंध आहे ते स्पष्ट लिहिलेले असावे. नौका माझ्या नावावर नाही, तिच्यात माझा पैसा नाही, मी तिच्यावर काम करीत नाही. संबंध एवढाच, की माझा नवरा तिच्यात असतो.

उत्तर टपालाने पाठवू नये. कुंदाला घेऊन मी आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसले आहे. ती रडली तर शिपायांनी उठवू नये, पाजले की ती गप्प होते.

आपल्या दाराशी, भरतीची वाट बघत,
नम्र अर्जदार
(सौ. कमळ लहू टपके)

सोबत :
१) तपासणी दाखल्याची नक्कल.
२) तिसऱ्या नळीवरील करपलेल्या रंगाचा पापुद्रा, कागदाच्या पुडीत. जपून उघडावा, चुरा होतो.
३) तापमापक, नग चार, कुंदाच्या दुपट्यात गुंडाळून. तापमापक आपल्याकडे राहिले तरी चालतील, दुपटे परत मिळावे.
४) नवा दोर, एक वेटोळे. जड असल्याने बाहेर पायरीवर ठेवला आहे. हा मी मागितला नव्हता. सकाळी निघताना उंबऱ्याशी काढून ठेवलेला होता, आणि माझे सासरे पाठ करून जाळे विणत बसले होते. होडी जेटीला बांधायला हाच लागतो. सही मात्र त्यांनी दिलेली नाही.