टाकीतलं करडीचं तेल

माय, तू जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि मी आत्ता तुला पत्र लिहायला बसलोय. तुला अक्षर येत नव्हतं. तू असतीस तर हे शेजारणीकडून वाचून घेतलं असतंस, म्हणजे दिवस मावळायच्या आत गावभर झालं असतं. त्यापेक्षा आत्ताच लिहिलेलं बरं. गोष्ट फटफटीची आहे, आणि फटफटीवरून तुझं नि माझं कधी जमलंच नाही.

दुष्काळाचं ते दुसरं साल. रानात काडी नव्हती, पण गावात दूध संस्था नवी नवी निघाली होती आणि मी तिचा सेक्रेटरी. नाव मोठं, काम काय, तर सकाळी दूध मापून घ्यायचं आणि दोन कॅन डांबरी सडकेच्या फाट्यावर दूध संघाच्या ट्रकपर्यंत पोचवायचे. मधे चार मैल गाडीवाट, दोन कोरडे ओढे आणि ओढ्यात नुसते गोटे. बैलगाडीनं जावं तर ट्रक निघून जायचा. म्हणून येरमाळ्याच्या मिस्त्रीकडून मी ती जुनी, स्वस्तातली फटफटी आणली. मिस्त्री म्हणाला, "सडकपे भी चलती, खेतमें भी चलती." खोटं नव्हतं त्याचं. चालायची दोन्हीकडं, फक्त सुरू व्हायला तयार नसायची. मी रोज पंधरा-वीस किका मारायचो. मग प्लग काढायचा, पुसायचा, पॉलिश पेपरनं घासायचा. कार्बोरेटरच्या बारीक भोकात कचरा अडकला की तुझ्या केरसुणीचा हीर उपसून घालायचो, आणि तू म्हणायचीस, "झाडायला ठेव की चार काड्या." एकदा सायलेन्सर तुंबला. जाळात धरला की आतली काजळी जळून जाते, म्हणून मी तो तुझ्याच चुलीत सारला. त्या दिवशीच्या भाकरीला डांबराचा वास. तू भाकरी हुंगलीस, खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "सून आण म्हणलं तर ही आणलीस. आन् हिनं आल्या आल्या चूल बी ताब्यात घेतली."

मला हसू येत होतं, पण ट्रक दोनदा आमची वाट बघून निघून गेला होता. ट्रकबरोबर येणाऱ्या संघाच्या क्लार्कनं तोंडावर सांगितलं होतं, तिसऱ्यांदा दूध चुकलं तर तुमचा फाटा बंद. अकरा घरांची चूल त्या साली त्या दुधावर पेटत होती, आणि त्यातलं एक घर आपलं.

या गाडीला पेट्रोलमधे तेल मिसळावं लागतं, नाहीतर इंजिन जाम होतं, हे तू मला रोज ओतताना बघून शिकली होतीस. तेलाची बाटली संपली. त्या संध्याकाळी मी येरमाळ्याहून आलो आणि तुला म्हणालो, दुकान बंद होतं, तेल मिळालं न्हाय. उद्या बिनतेलाची नेली तर इंजिन जातंय, न्हाय नेली तर फाटा जातोय. एवढं बोलून मी जेवलो आणि झोपलो. काळजी करायचं काम तुझ्याकडं देऊन झोपायची सवय मला लहानपणापासून.

सकाळी उठतोय तर तू फटफटीजवळ उभी, हातात पळी. "चार पळ्या घातल्यात. जा आता." मी म्हणालो, कुठलं तेल? तू म्हणालीस, "घाण्यावरचं हाय, घरचं करडीचं. भेसळ न्हाय त्यात." सणाला म्हणून राखलेलं ते तेल. त्या सालात आपण फोडणीवाचून वरण खात होतो आणि तू ते माझ्या टाकीत ओतलंस. मी बोंबलणार होतो, पण ऊन वर येत होतं. किक मारली, आणि काय सांगू माय, पहिल्या किकेला सुरू झाली.

मागनं पांढराशुभ्र धूर आणि सगळ्या गल्लीत भज्यांचा वास. दोन कुत्री वेशीपर्यंत मागं पळाली. पुढं दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती. सगळ्यांचे हातोडे एकदम थांबले. एक बाई म्हणाली, "कुणाचं बारसं हाय गं?" दुसरी म्हणाली, "आमाला न्हाय बोलावलं." मी मान खाली घालून गाडी हाणली. दुसरा ओढा ओलांडला आणि गाडी खोकली, थांबली, ती थांबलीच. दोन भरले कॅन आणि ते धूड मी ढकलत नेलं. फाट्यावर पोचलो तेव्हा ट्रकची धूळसुद्धा बसली होती. दुपारपर्यंत दोन्ही कॅनमधलं दूध नासलं.

संध्याकाळी चावडीपुढं सगळी जमली. संस्थेच्या चेअरमननं काही विचारायच्या आधी माझा सदरा हुंगला. "तेल कुठलं घातलंस रे?" मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात बायकांमधनं तू उठलीस. चावडीपुढं तू कधी बोलली नव्हतीस. म्हणालीस, "म्या घातलं. पोराची चूक न्हाय. उद्या फाट्यावर म्या जाते." आणि गेलीस. चार मैल पायी गेलीस, ट्रकच्या आडवी उभी राहिलीस, आणि पळ्या मोजून सगळं सांगितलंस. क्लार्क हसून हसून फुटबोर्डवर बसला. डोळे पुसत म्हणाला, "मावशी, उद्यापासून आणा दूध." फाटा वाचला. तुला मात्र गावानं तळणीवाली नाव ठेवलं, ते तू मरेपर्यंत पुसलं गेलं नाही. तू हसून घ्यायचीस. पण मी कधी म्हणालो, माय जरा गाडी धर, तर तू हात मागं घ्यायचीस. "नगं बाबा. माझा हात लागला की बंद पडंल."

दुकान उघडं होतं, माय. मी त्या संध्याकाळी तीन दोस्त बसवून तंबूतला पिक्चर बघायला गेलो होतो. तेल विसरलो, पेट्रोलही घेतलं नाही, आणि रिझर्व्हवर घरी आलो. सकाळी ओढ्याच्या पल्याड गाडी थांबली तेव्हा मी टाकीचं झाकण उघडून ती हलवून बघितली होती. आत पेट्रोलचा आवाजच नव्हता. तुझ्या तेलानं काही बिघडलं नव्हतं. चावडीपुढं मी ते सांगायलाच तोंड उघडलं होतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही. मी काय सांगणार होतो ते मला माहीत नाही. तू उठलीस आणि मला बरं वाटलं.

हे पत्र मी घडी घालून कपड्यांच्या खाली ठेवणार आहे, घरात कुणाला दाखवणार नाही. कारण परवा नातीच्या साखरपुड्यात पाव्हण्यांनी जुनी गंमत सांगा म्हणून आग्रह केला, आणि आमच्या मायनं टाकीत गोडेतेल ओतून फटफटी कशी बंद पाडली, ते मी पुन्हा तसंच सांगितलं. लई हसले सगळे. मी पण हसलो.