रेघेवर एक वीत

दोहा, १९८२

पोपटदादा,

परवा पावसाचं पाणी इथल्या एका कापडदुकानात शिरलं. माल ठेवायच्या नव्या फळ्या मी बसवतोय. भिंतीवरची पाण्याची रेघ बघून आबा आठवले. गावी नदीचा पूर ओसरला की ते दुकानाच्या भिंतीवरच्या रेघेवर वीत ठेवायचे, तू कोळशाने खूण करायचास, मी खिळे धरायचो. खालची फळी त्या खुणेवरच. इथला मालक हसला, "इतना ऊपर क्यों?" मी ऐकलं नाही.

दादा, इकडे निघालो त्या साली तुझ्या दुकानाची फळी मात्र मी जुन्याच भोकांत ठोकली, रेघेच्या खाली. विमान गाठायचं होतं. पुढच्या पुरात तुझी साखर वाहून गेली, तू नदीला शिव्या दिल्यास. मीही पत्रात नदीलाच दिल्या.

हे पत्र काही टाकणार नाही. सुट्टीत येईन, तेव्हा फळी वीतभर वर घेईन. का, ते विचारू नकोस.

तुझा मच्छिंद्र