आगबोट दवाखाना

बारामती
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
नात उत्कर्षाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्ही बघू म्हणालात आणि ठेवून दिलात. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते.

सूरजदादा सांगत होता, गावचा आगबोट दवाखाना पाडायचा ठराव झाला आणि त्यावर पहिली सही तुमची आहे. ऐकून इतका संताप आला की वर्गात धड शिकवता येईना. आबा, मी मुलांना वास्तुकला शिकवते. १९३०च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या इमारती दाखवायला त्यांना मुंबईला नेते. तसंच गोल तोंड, जहाजासारखा कठडा आणि गोल खिडक्या दादासोंनी १९३८ साली आपल्या गावात उभ्या केल्या. तिथं कुणी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. मुंबईत वास्तुकला शिकून आलेला माणूस, पण बायका बाळंतपणाला कशा येतात हे त्यांनी घरोघर जाऊन विचारलं आणि ओटा बैलगाडीच्या उंचीचा ठेवला, गाडीतून सरळ आत सरकता यावं म्हणून. असलं काम तुम्ही एका सहीत मोडीत काढलंत.

मला उत्तर हवं आहे. आजीचे गुडघे कसे आहेत तेही लिहा.

रागावलेली, तरी तुमचीच,
उत्कर्षा


चिंचमळा, ता. इंदापूर
९ फेब्रुवारी

चि. उत्कर्षास आबाचे अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र तुज्या आजीनं मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या टायमाला ती हसली. मी न्हाय हसलो.

तुला आगबोट फोटूत दिसती. आमाला तिच्यात आजारी पडाय लागतं. पावसाळ्यात खाटंवर पाणी गळतंय, छताच्या सळया उघड्या पडल्यात. म्हाळसाकाकीचं बाळ गेलं एवढंच तुला कळवलं व्हतं, कसं गेलं ते न्हाय. श्रावणात ती ह्याच दवाखान्यात अडली. आपरेशनची खोली न्हाय, म्हणून तशीच जीपमधी घालून इंदापूरला नेली. बाळ वाटंतच गेलं. त्या टायमाला गोल खिडक्या बघाय बारामतीहून कुणी आलं नव्हतं.

दवाखान्याच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणला, त्याच जागेवर मोठा दवाखाना हुईल, आपरेशनची खोली हुईल, डाक्टर हितंच ऱ्हाईल. त्याला मी सही केली. दादासो माज्या बापाचा दोस्त. त्यो असता तर त्यानंच जुनं पाडून नवं बांधलं असतं.

शिकलीस, लई बरं झालं. पण गावाला वर्गातली पोरं समजू नगंस. तुज्यासाठी डाळिंबं ठेवलीत. राग त्यांच्यावर काढू नगंस.

माया हाय, ती तशीच ऱ्हाऊ दे.
आबा


बारामती
१४ फेब्रुवारी

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

काकीचं वाचलं. ती जीपमध्ये असताना मी इथं वर्गात त्याच इमारतीचं कौतुक सांगत असेन. तुमचा राग मला मान्य आहे.

पण आता माझा राग दुसरीकडे वळला आहे. गळती थांबवता येते, सळया नीट करता येतात. दवाखान्याच्या मागं एवढी मोकळी जागा पडली आहे, तिथं आपरेशनची खोली कधीच होऊ शकली असती. मंडळानं इतकी वर्षं का केली नाही? आणि नव्या दवाखान्याचा नकाशा तुम्ही डोळ्यांनी पाहिलात का? नसेल तर अध्यक्षांना दाखवायला सांगा. तुमच्या सहीवर एवढा हक्क तुमचा आहे.

काकीला जवळ घेतलं म्हणून सांगा.

माझं प्रेम आहे आणि भांडणही आहे,
उत्कर्षा


चिंचमळा
२ मार्च

चि. उत्कर्षास आबाचे आशीर्वाद.

नकाशा मागितला, तर अध्यक्ष म्हणला, आबा, तुमाला काय कळतंय त्यातलं. चार दिसांनी जागेवर नव्या नकाशाचा फलकच लागला. खाली समदी दुकानं, वरबी दुकानं, आन् तिसऱ्या मजल्यावर दवाखान्याला दोन खोल्या. आपरेशनची खोली कुठंच न्हाय. अडलेली बाई काय जिना चढंल व्हय? माज्या हातापायाची आग झाली. म्हाळसाचं, माज्या सुनेचं दुःख पुढं धरून ह्यांनी माजी सही नेली.

मी सही मागं घेतल्याचं लिहून दिलं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी जेसीबी आला. मी पोचस्तोवर गोल तोंड खाली आलं व्हतं. मी वराडत व्हतो, ड्रायव्हर बघत न्हवता. तेवढ्यात म्हाळसा माज्या शेजारनं पुढं गेली आन् धुरळ्यात, मशिनीच्या पुढ्यात जाऊन बसली. श्रावणापास्नं ती ह्या रस्त्याला फिरकली नव्हती. ड्रायव्हरनं मशिन बंद केली. अध्यक्ष समजूत घालाय आला, तर ती म्हणली, माजं लेकरू खोलीवाचून गेलं, तुमी त्याच्या नावावर दुकानं मांडता. मग बाया येत गेल्या आन् तिच्या कडंनं बसत गेल्या. तुजी आजी गुडघं धरून आली.

परवा मंडळाची बैठक झाली. ठराव रद्द झाला. अध्यक्षाचा हात सगळ्यात उशिरा वर आला. मागची निम्मी आगबोट उभी हाय, पुढची निम्मी गेली. ती गेली ह्याचा मला इतका राग येतुया की जेवण जात न्हाय.

तू ये आन् नकाशा काढ. पडल्यालं गोल तोंड नंतर बांधाय बघू, असं म्हाळसा म्हणती. पहिली रेघ आपरेशनच्या खोलीची मारायची, आन् ती मारताना म्हाळसा तुज्या शेजारी बसणार हाय.

तुजा राग उरला असंल तर घिऊन ये. हितं लागणार हाय.
आबा