आताच्या अध्यक्षांची बाजू

२२ मार्च, रविवार

काल काय झालं:
१. पाडव्याच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाने वादविवाद ठेवला. विषय: अमेरिकेचे मागचे अध्यक्ष आणि आताचे अध्यक्ष – कुणाचं देशांतर्गत धोरण बरं?
२. बाजू चिठ्ठी टाकून ठरल्या. आश्लेषाला मागचे आले, मला आताचे.
३. मी जिंकले.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा आश्लेषा हसली होती. “इला, तू आणि ही बाजू? मेलीस यार!” चार वर्षं एका अपार्टमेंटमध्ये राहतोय, माझी मतं तिला पाठ आहेत. म्हणूनच आठवडाभर नीट अभ्यास केला. वेटरना मिळणाऱ्या टिपवरच्या करात सूट, सीमेवर कडक बंदोबस्त, सरकारी खर्चाला कात्री – त्या बाजूच्या माणसाने मान डोलवावी असं मांडलं. तिने रस्ते-पूल, औषधांच्या किमती, विद्यार्थ्यांची कर्जमाफी घेतली. चांगली बोलली.

शेवटी म्हणाली, संशोधनाचा निधी कापला की माणसं रस्त्यावर येतात. मी विचारलं, “एक उदाहरण द्या. एक नाव सांगा.”

तिने आपले कागद गोळा केले. मग जाऊन बसली.

परीक्षक सुमित्राकाकू म्हणाल्या, “त्या एका प्रश्नावर निकाल लागला गं.” श्रीरंगकाकांचा टोमणा – “दोघींनाही इथे मतदानाचा हक्क नाही, म्हणून एवढं मोकळं भांडता.”

स्वतःला न पटणारी बाजू कुठेही खोटं न बोलता मांडली. अभिमान वाटतो. इथे तरी लिहायला हरकत नाही.

२३ मार्च

आश्लेषा मी उठायच्या आत लॅबला गेली. हरल्याचा राग असावा. तिला शोभत नाही.

२५ मार्च

कॅम्पसच्या बसमध्ये प्रथमेश भेटला, आश्लेषाच्या लॅबमधला. “जबरदस्त बोललीस म्हणे.” मग आवाज खाली आणून, “तिचं दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये जमतंय का? तिच्या प्रोजेक्टची सरकारी ग्रँट बंद झाल्याची मेल गेल्या गुरुवारी आली. आमचं वेगळ्या ग्रँटवर चालतं. तिचा स्टायपेंड त्यातूनच होता.”

गुरुवारी. म्हणजे शनिवारी मी नाव विचारलं तेव्हा ते तिच्याकडे होतं. तिचं स्वतःचं.

बस आमच्या स्टॉपच्या पुढे गेली, तेव्हा उतरले.

२६ मार्च

तिला पाठवलेला मेसेज, जसाच्या तसा:

“आश्लेषा, प्रथमेशकडून कळलं. शनिवारी मी विचारलं ते नाव आता मला माहीत आहे. ऑगस्टपासूनच्या आपल्या घराच्या भाडेकरारावर मी तुझ्याशिवाय एकटी सही करणार नाही. तू इथेच राहणार आहेस का? घरमालकाला सांगायचंय, रविवारपर्यंत कळव.”