दुपारी एकला ऑफलाइन

३ फेब्रुवारी, सकाळी ६
ॲपवर टॅक्सी चालवण्याचा मोठा फायदा म्हणजे वेळ आपल्या हातात. तरी आठ वर्षं माझी वेळ बायकोच्या फोनने ठरवली. दुपारी एकच्या ठोक्याला: ताट वाढतेय, कुठे पोचलात? भर धंद्यात ऑफलाइन व्हावं लागायचं. तिला जाऊन तीन महिने होतील. धंद्याला शिस्त लावायला आता आडकाठी नाही. वेळापत्रक केलं. सात ते एक. जेवण घरी. चार ते आठ. जुनंच आहे, पण आता माझ्या मर्जीने.

४ फेब्रुवारी
एकला घराकडेच वळलो होतो. भाडं आलं. दारी आलेल्याला नाही म्हणू नये. जेवण सिग्नलला. बिस्किटं. उद्यापासून नक्की.

५ फेब्रुवारी
एकला ॲपमधलं 'घराकडे' दाबलं. म्हणजे वाटेवरचीच भाडी मिळतात. मिळालं ते आमच्याच बिल्डिंगचं. शेजारच्या वहिनी. त्यांना दारात उतरवलं. त्या म्हणाल्या, भावजी, वर येताय ना? म्हटलं, हो, तुम्ही व्हा पुढे. तेवढ्यात दुसरं भाडं आलं. ऑफलाइन व्हायचं राहूनच गेलं होतं.

७ फेब्रुवारी, दुपारी १.४०
लेकीचा फोन. किती तास चालवता? म्हटलं, आठ. जेवलात? म्हटलं, ताटावरच बसलोय. मागच्या ट्रकने नेमका तेव्हाच हॉर्न मारला. म्हणाली, बाबा, ताटाला हॉर्न कधी बसवून घेतलात?  

१० फेब्रुवारी
उद्या पहाटे पाचपासून. नाहीतरी चारलाच जाग येते. लवकर सुरू केलं की एकला बिनघोर घरी जाता येईल.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.१०
एकला जमलं नाही. बारा तास भरले म्हणून ॲपनेच मला बंद केलं. सहा तास सक्तीची विश्रांती. कंपनीला कष्टाची कदर नाही. बिल्डिंगखाली गाडीत बसलोय. वॉचमन म्हणाला, काका, कोणाची वाट बघताय? म्हटलं, भाड्याची.

त्याच दिवशी, ५.५०
एक कल्पना सुचली. दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीतून एक फेरी मारावी. तो वेळ कसा ठरवतो, विचारावं. अभ्यास म्हणून. प्रवाशांचं ॲप उघडलं. त्याने विचारलं, कुठे जायचंय? स्टेशन टाकलं, पुसलं.
घर टाकलं.
ॲप म्हणालं, तुम्ही तिथेच आहात.